खालची पट्टी

रिहे गावच्या भैरवनाथाच्या देवळात अभंगाची चाल धरायची ती हैबतरावांनी, हे गावात ठरल्यासारखंच होतं. तरुणपणी त्यांनी तो मान घेतला आणि पन्नाशी आली तरी तो त्यांच्याकडेच राहिला. बहिरू पेटीवर काळी चारचा सूर धरायचा आणि हैबतरावांचा आवाज त्याच्याही वर चढून, वरच्या वर फिरून खाली यायचा. ओढ्यापलीकडच्या वाडीवरची माणसं घरात बसून म्हणायची, हैबतराव भजनाला बसले.

त्या वर्षी शिमगा झाला आणि हैबतराव घरात गाईनासे झाले. एरवी बैलांना वैरण टाकताना, दोरखंड वळताना त्यांच्या तोंडात काहीतरी असायचंच. साळूबाईला ते इतकं सवयीचं झालं होतं की, ते थांबल्याचं तिला लगेच कळलंच नाही. कळलं तेव्हा तिला वाटलं, लेक माणला नांदायला गेली, घर सुनं झालं, म्हणून असेल.

मग त्यांचं पौडला जाणं वाढलं. पूर्वी बाजाराच्या दिवशी खिंड ओलांडून जायचे आणि दुपारपर्यंत परत यायचे. आता मधल्याच एखाद्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून निघायचे. कशाला म्हणून विचारलं तर कचेरीत काम आहे म्हणायचे. परत आले की गप्प. एकदा ती गोठ्यात शेण काढायला गेली तर हे गव्हाणीशी पाठमोरे उभे राहून तोंड मिटून नुसताच हुंकार काढत होते, एकाच सुरात, लांबच लांब. तिची चाहूल लागताच त्यांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि बाहेर निघून गेले.

शेजारच्या रंभाबाईनं एक दिवस ओढ्यावर धुणं धुताना सांगून टाकलं. तिच्या भावानं हैबतरावांना कचेरीमागच्या आळीत पाहिलं होतं. तिथं तुळजाबाई नावाची एक बाई राहते, पूर्वी नाटक कंपनीत गायची, तिच्याकडे ते गेले होते आणि पुष्कळ वेळानं बाहेर आले. एकदा नाही, दोनदा पाहिलं.

साळूबाईनं हातातलं लुगडं पुन्हा आपटलं. धुणं पिळून घरी आली. पण त्या दिवसापासून ते तिच्या डोक्यातून जाईना. भाकरी थापताना हात थांबायचा. संसाराला इतकी वर्षं झाली, त्यांनी कधी वाकडं पाऊल टाकलं नव्हतं. पण गावात अशी उदाहरणं होती, आणि त्या बायकांनाही आधी असंच वाटलं होतं. विचारावं तर काय विचारावं? त्यांनी हो म्हटलं तर पुढं काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणून ती विचारत नव्हती.

जेठ सुरू होता. रोपांसाठी भाताची दाढं भाजून झाली होती, रानं पेरणीची वाट बघत होती. हैबतराव न्याहारी करून निघाले. साळूबाईनं थोडा वेळ जाऊ दिला, डोक्यावर पाटी घेतली, पाटीत दोन शेर हुलगे टाकले, कुणी विचारलं तर विकायला चालले म्हणायला, आणि ती त्यांच्या मागोमाग खिंड चढली.

कचेरीमागची आळी शोधायला वेळ लागला नाही. एका कौलारू खोलीतून पेटीचा आवाज येत होता. भिंतीला लागून तुळशीचा कट्टा होता. साळूबाई पाटी खाली ठेवून तिथंच टेकली. आतून गाणं ऐकू येईल, हसणं ऐकू येईल, असं मनाशी धरून ती आली होती. तसं काहीच नव्हतं. एक जाडसर बायकी आवाज म्हणत होता, परत करा, तोंड मिटून. मग तिच्या नवऱ्याचा हुंकार, आणि मधेच तो फाटल्याचा आवाज. परत करा. परत फाटला. पेटी खाली उतरली, आणखी खाली उतरली, तरी तेच. शेवटी हैबतरावांचा आवाज आला. साळूबाईनं तो तसा कधीच ऐकला नव्हता, शाळेतल्या पोरासारखा.

"बाई, माजा आवाज परत यील का न्हाई, तेवडं सांगा."

"तो वरचा आवाज यायचा नाही, हैबतराव. यायचा असता तर एवढ्यात त्यानं वाट दाखवली असती."

साळूबाईला आत जायचं नव्हतं, पण ती उठून दारात उभी राहिली. तुळजाबाई साठीची असेल. केस पांढरे, पाय सुजलेले, ते तिनं उशीवर ठेवले होते. हैबतरावांनी बायकोला पाहिलं आणि मान खाली घातली. तुळजाबाईनं कोण म्हणून विचारलं.

"मालक हायेत माजे," साळूबाई म्हणाली. त्यापुढे तिला काही सुचेना.

तुळजाबाईनं तिला बसायला सांगितलं. तिच्याकडे मामलेदारांची मुलगी शिकायची, मास्तरांची सून शिकायची. पण दोघींना ती कधी एकत्र बसवत नसे. प्रत्येक गळ्याचं माप निराळं, असं तिचं म्हणणं. मुलीला ती सुरांचे पलटे घोकायला लावी. सुनेचा श्वास आखूड, म्हणून तिला आधी नुसतं उताणं झोपवून श्वास घ्यायला शिकवलं होतं. हैबतराव पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की, श्रावणात सप्ताह आहे, त्याच्या आत आवाज पूर्वीसारखा करून द्या. चुलतभाऊ गेणबा आता बरा गातो, लोक त्याच्याकडे बघायला लागलेत. हे घरी बोलायची त्यांना लाज वाटत होती. बाईमाणसाकडे गाणं शिकायला जातो, तेही या वयात, हे तर गावात कुणाला कळू नये म्हणून ते जिवापाड जपत होते.

तुळजाबाईनं हे सगळं सांगितलं तेव्हा साळूबाईच्या छातीवरचा दगड उतरला. तिला हसू आलं, रडूही आलं. पण ते समाधान घराबाहेर पडेपर्यंतसुद्धा टिकलं नाही. तुळजाबाईनं हैबतरावांना विहिरीवरून घागर भरून आणायला पाठवलं आणि साळूबाईला जवळ बोलावलं.

सकाळी उठल्या उठल्या त्यांचा आवाज कसा असतो, असं तिनं विचारलं. दोन दिवस गप्प राहिले तर सुधारतो का? खोकला आहे? जेवताना काही त्रास? साळूबाई एकेक आठवून सांगत गेली आणि सांगता सांगता तिलाच भीती वाटायला लागली. सकाळीही घोगराच. आणि हल्ली ते भाकरी दुधात चुरून खातात. दाढ दुखते म्हणाले होते.

"वय झालं की आवाज सगळाच खाली येतो," तुळजाबाई म्हणाली. "ओरडून बसलेला आवाज गप्प राहिलं की सुटतो. यांचं दोन्ही नाही. मी वर लावून बघितलं, खाली लावून बघितलं, नुसता हुंकार घेऊन बघितला. कुठल्याही पट्टीत एकाच जागी वारा गळतो. आमच्या कंपनीत एक गाणारे होते, त्यांचं असंच सुरू झालं होतं. त्यांनी मनावर घेतलं नाही. यांना पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा. मला काही डॉक्टरी कळत नाही. माझं चुकलं तर मला आनंदच आहे."

त्या गाणाऱ्याचं पुढे काय झालं, हे साळूबाईनं विचारलं नाही.

हैबतराव परत आले तेव्हा तुळजाबाईनं त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, सप्ताह झाला की जाईन. त्यावर तिनं पेटीचा भाता बंद केला. दवाखान्यात जाऊन या, मगच पुढची शिकवणी, तोवर येऊ नका, असं तिनं सरळ सांगितलं. हैबतराव पुढे आणि साळूबाई मागे, अशी दोघं खिंड चढली.

त्यानंतरचे दिवस साळूबाईनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. ते जेवायला बसले की ती घास मोजल्यासारखी त्यांच्या गळ्याकडे बघत राहायची. ते चिडायचे. ते खोकले की ती चूल सोडून दाराशी यायची. पुण्याचं नाव काढलं की ते उठून जायचे. पेरणी आहे, मग म्हणाले भाताची रोपं लावायची आवणी आहे, रान सोडून कसं जायचं. एकदा म्हणाले, दवाखान्यात गेलेला आपला कोंडिबा परत आला का? कोंडिबा त्यांचा मामा, तो पोटाच्या दुखण्यानं गेला होता. तिनं भैरवनाथाला नारळ बोलला. हळद-दूध केलं, ज्येष्ठमध चघळायला दिला. काही फरक पडला नाही.

आषाढात सप्ताहाची तयारी म्हणून मंडळी देवळात बसायला लागली. पहिल्या संध्याकाळी हैबतराव गेले. साळूबाई बायकांत बसली. बहिरूनं विचारलं, पट्टी थोडी उतरवू का? त्यांचा घोगरा आवाज त्याच्या कानावर आला असावा. हैबतरावांनी मान हलवली, नेहमीचीच धर म्हणाले. पहिली ओळ निभावली. दुसरीला त्यांनी आवाज वर टाकला आणि तो तिथंच तुटला. नुसता वारा बाहेर आला. टाळ चालू होते, मृदंग चालू होता, आणि मधे माणसाचा आवाजच नाही. मग गेणबानं ती ओळ उचलली. त्याला उचलायलाच हवी होती. गेणबानं गाताना त्यांच्याकडे पाहिलंही नाही, इतका तो ओशाळला होता. हैबतराव अभंग संपेपर्यंत टाळ वाजवत बसले. संपल्यावर उठून पायात वहाणा न घालताच घरी गेले.

साळूबाई त्यांच्या वहाणा हातात घेऊन मागून आली. ते ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. तिनं वहाणा खाली ठेवल्या. कंदील लावला.

"गळा तुमचा हाय," ती म्हणाली, "पर त्यो गेला तर एकट्या तुमचा न्हाई जायाचा. उद्या मी पुन्याला निघतेय. तुमी आलात तर बरं. न्हाई आलात तर मी एकली जाऊन डाक्टरला हितं घेऊन येते. मग त्यो सगळ्या गावाम्होरं बघंल."

हैबतरावांनी कंदिलाची वात खाली केली. मग खालच्या, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मला दिवाळीपास्नं ठावं हाय. गिळताना टोचतंय. कुनी बघितलं न्हाई तवर ते न्हाईच, असं वाटत हुतं."

सकाळी दोघं निघाले. रानाचं काय, असा विचार साळूबाईच्या मनात आला तेवढ्यात गेणबा दारात आला. दादा, आवणीची काळजी करू नका, आमची माणसं आधी तुमच्या खाचरात उतरतील, असं सांगून तो गेला. हैबतरावांनी पायात वहाणा सरकवल्या. पण खिंडीपर्यंत पोचल्यावर मागे वळून आपल्या खाचरांकडे एकदा बघितलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कपाळाला आरसा बांधला, दिव्याचा उजेड घशात पाडला आणि जीभ बाहेर धरून बराच वेळ आत बघितलं. आवाज जिथून निघतो तिथं गाठ आहे, असं त्यांनी सांगितलं. ती तोंडातूनच काढता येईल. पण ती कसली आहे, हे काढून तपासल्याशिवाय सांगता यायचं नाही. साळूबाईनं विचारलं, कसली म्हणजे? डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, साधीही असते, वाईटही असते. त्यांनी वाईट हा शब्द अगदी साधेपणानं म्हटला, म्हणूनच तिला तो जास्त लागला.

गाठ काढली. हैबतरावांना बोलायची सक्त मनाई झाली, कुजबुजायचंसुद्धा नाही. तपासणीचा निकाल यायला वेळ होता. साळूबाई दवाखान्याच्या वऱ्हांड्यात इतर बायकांबरोबर राहिली. तिथं कुणाला काय दुखणं आहे, कुणाचं माणूस कालच नेलं, हे सगळं कानावर यायचं. तिला ते ऐकायचं नव्हतं आणि ऐकल्याशिवाय राहवतही नव्हतं. खाटेवर हैबतराव छताकडे बघत पडलेले असायचे. ती गेली की तिच्याकडे बघायचे, भुवया वर करायचे, काही कळलं का? ती मान हलवायची. बोलता येत असतं तर त्यांनी तिच्यावर ओरडून तरी मोकळं केलं असतं स्वतःला, असं तिला वाटायचं. तिलाही कुणीतरी ओरडलेलं चाललं असतं. मग ती उगाच काहीबाही सांगत बसायची. बाहेर पाऊस आहे. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा वेल्ह्याकडचा आहे. गेणबाची खाचरं व्हायच्या आधी आपली झाली, असा निरोप आलाय.

निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी तिला एकटीलाच बाहेर बोलावलं. ती वऱ्हांड्याच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, गाठ वाईट जातीची नाही. मग ते बरंच काही बोलले, ती परत येऊ शकते, काही महिन्यांनी दाखवायला यायला हवं, आवाजाचं काय होईल सांगता येत नाही, ओरडायचं कधीच नाही. यातलं पुष्कळसं तिनं नंतर त्यांना परत विचारून घेतलं. त्या क्षणी तिला पहिलं वाक्यच ऐकू आलं होतं. आत जाऊन तिनं हैबतरावांना सांगितलं. त्यांनी डोळ्यांवर हात आडवा घेतला आणि तसेच पडून राहिले.

सप्ताहाला ते देवळात गेले. गेणबानं चाल धरली. हैबतराव मागे बसून टाळ वाजवत होते, ओठ घट्ट मिटलेले. गावातल्या काही जणांना वाटलं, रुसलेत. साळूबाईनं कुणाकुणाला समजावून सांगायचं, ते सोडून दिलं.

भादव्यात ती त्यांना घेऊन तुळजाबाईकडे गेली. आता लपूनछपून नाही. अजून बोलायची परवानगी नव्हती. तुळजाबाई म्हणाली, चालेल, तोंड न उघडताही शिकता येतं. ती पेटीवर एक सूर धरायची, मग दुसरा, आणि हैबतरावांनी हात वर-खाली करून दाखवायचं, सूर किती चढला, किती उतरला. पहिल्या दिवशी त्यांचा हात प्रत्येक वेळी जास्तच वर जात होता. तुळजाबाई हसली. इतकी वर्षं वर बघत गायलात, खाली काय आहे ते तुम्ही कधी बघितलंच नाहीत, म्हणाली.

साळूबाईलाही तिनं काम दिलं. आवाज लावायची वेळ येईल तेव्हा यांना स्वतःचं कळणार नाही, तुम्ही यांच्या मानेची शीर बघायची, ती फुगली की थांबवायचं. साळूबाई आयुष्यात गाण्यातलं काही शिकली नव्हती. पण हे तिला जमण्यासारखं होतं. गेले कित्येक महिने ती त्या गळ्याकडेच बघत होती.

डॉक्टरांनी बोलायला मोकळीक दिली, त्यानंतरच्या शिकवणीला तुळजाबाईनं पांढरी एकचा सूर धरला. काळी चारपेक्षा पुष्कळच खाली. हैबतरावांनी तोंड मिटून हुंकार घेतला. आवाज थरथरला, खरखरला, पण मधे तुटला नाही. साळूबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. तुळजाबाईनं डोळे मिटून तो ऐकला आणि म्हणाली, वारा गळत नाही.

पुढे तिनं त्यांच्यासाठी एका जुन्याच अभंगाला नवी चाल लावली. सगळे सूर खालचे, वर जायचं तिथं वळसा घालून परत यायचं, श्वास घ्यायला जागा मुद्दाम ठेवलेली. ही चाल दुसऱ्या कुणाला बसायची नाही, असं ती म्हणाली. हैबतरावांना ती आवडली नाही. हे गाणं न्हाई, रडगानं हाय, असं ते खिंडीत साळूबाईला म्हणाले. भजनात माणसं झोपतील. दोन-तीन वेळा त्यांनी शिकवणी चुकवली. साळूबाई धुतलेलं धोतर ओसरीवर काढून ठेवायची आणि आपण तयार होऊन बसायची. शेवटी ते निघायचे.

कार्तिकात देवळात काकडा सुरू झाला. एका पहाटे गेणबाच म्हणाला, दादा, आज तुमी धरा. बहिरूनं पेटीवर हात ठेवला आणि कुठली पट्टी म्हणून बघितलं. हैबतरावांनी सांगितलं. बहिरूला वाटलं ऐकण्यात चूक झाली, त्यानं परत विचारलं. परत सांगितलं.

साळूबाई खांबाला टेकून बसली होती. तिला समईच्या उजेडात त्यांची मान दिसत होती. आवाज निघाला तो कुणाच्या ओळखीचा नव्हता. जाड, खालचा, जमिनीवरून आल्यासारखा. मागच्या माणसांना चाल धरता येईना, दोघंतिघं चुकले, एक जण वरच्या सवयीच्या सुरात शिरला आणि लाजून थांबला. साळूबाईला वाटलं, आता हे चिडतील आणि आवाज वर टाकतील. मानेची शीर किंचित दिसायला लागली. ती अर्धवट उठली. पण हैबतराव तिथंच थांबले, श्वास घेतला, आणि तीच ओळ पुन्हा खालून म्हटली. दुसऱ्या खेपेला गेणबा त्यांच्या मागोमाग उतरला. मग इतरही. फार छान झालं असं कुणी म्हणालं नाही. बहिरू एवढंच म्हणाला की, ही पट्टी वाजवायची सवय करावी लागेल.

मार्गशीर्षात दाखवायला पुण्याला जायचं होतं. आदल्या आठवड्यात साळूबाईची झोप परत उडाली. हैबतरावांनी एकदा नुसतं खाकरलं तरी ती दचकायची. डॉक्टरांनी पुन्हा आरसा बांधला, पुन्हा बराच वेळ बघितलं. ती दाराशी उभी होती. डॉक्टर हात धुवत म्हणाले, सध्या साफ आहे, उन्हाळ्यात परत या.

सध्या, हा शब्द तिनं आपल्यासोबत घेतला आणि ती बाहेर आली. स्टँडवर गर्दी होती. तिनं केळी घेतली, दोघांनी गाडीत बसून खाल्ली. कंडक्टर तिकिटं फाडत पुढून मागे आला. साळूबाई तोंड उघडणार, तेवढ्यात हैबतराव म्हणाले, "दोन पौड." आवाज मोठा नव्हता, पण गाडीच्या खडखडाटात कंडक्टरला तो एका खेपेतच ऐकू गेला. साळूबाईनं केळ्यांची सालं पदराच्या कोपऱ्यात गुंडाळली आणि खिडकीबाहेर बघत बसली. उन्हाळा अजून लांब होता.